अकरानंतर बंद

सीताबर्डीत, मोदी नंबर तीनच्या आतल्या बोळात
परात्यांच्या दुकानाला पाटी नाही.
दोन खुर्च्या, एक टेबलफॅन
आणि काउंटरखाली पोत्यात अँटेना,
बाजारातून शेवग्याच्या शेंगा आणून ओताव्यात तसे.

मे महिना. दुपारी दीडला
कोणी शहाणं माणूस बाहेर पडत नाही,
म्हणूनच गेले.
गर्दीत मला भाव करता येत नाही.

"नवा चोवीसशेचा. हा घ्या, साडेनऊशे."
"सेकंडहँड?"
"नाही जी ताई, रिफर्बिश्ड.
कंपनीनं खोलला, दुरुस्त केला, पुसला,
पुन्हा डब्यात घातला.
सेकंडहँडले कोण पुसते?"

मी हसले. त्याला वाटलं, भाव जास्त झाला.
"नऊशे द्या. हसून काऊन राहिल्या?"

काय सांगू त्याला.
आमच्या घरी नवरा-बायको दोघंही असेच,
खोललेले, पुसलेले, पुन्हा डब्यात घातलेले.
वॉरंटी कोणी लिहून दिली नाही, इतकंच.

त्यानं बिलाच्या मागे शिक्का मारला: तीन महिने.
वीज पडली, उंदरानं वायर कुरतडली,
कूलरचं पाणी उडालं तर जबाबदारी नाही.
म्हटलं, नागपुरात असं घर दाखवा
जिथे कूलरचं पाणी उडत नाही.
म्हणाला, "मंग उंच ठेवा."

मानेवाड्याच्या ऑटोत मांडीवर डबा,
डब्यावर भलत्याच मॉडेलचं चित्र.
सिग्नलला राउटर काढून उलटा करून पाहिला.
बुडाशी एक पट्टी, दवाखान्यातली, पांढरी,
तिच्यावर निळ्या पेनानं
११ नंतर बंद

कंपनीनं सगळं पुसलं, हे राहिलं.
अकरातला दुसरा एक
पहिल्यापेक्षा जरा खाली, दमल्यासारखा.
त्या घरात कोणीतरी जागत असेल,
कोणीतरी पाण्याला उठून
दाराखालचा उजेड बघत असेल,
भांडण नको म्हणून लावली असेल पट्टी.
का भांडण झाल्यावर?

आमच्याकडे वरच्या खोलीत ऋजुता.
यांची मुलगी.
माझी म्हणायला तीन वर्षं पुरत नाहीत.
खोलीत रेंज येत नाही
ही तिनं माझ्याकडे केलेली पहिली तक्रार,
बाबांना न सांगता, मला.
नऊशे रुपये स्वस्तच पडले.

जिन्याच्या वळणावर, देवळीत ठेवला. उंच.
एक दिवा हिरवा, एक लाल.
लाल बराच वेळ लालच.
रिसेटच्या भोकात माझी साडीपिन लागली.
ती जिन्यावर येऊन बसली, केस ओले,
माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर.

"नाव काय द्यायचं याला?"
"दे काहीही."
मग तिनंच दिलं: घर.
इंग्रजी अक्षरांत, पुढेमागे काही नाही.

"आणि पासवर्ड?"
तो तिनं आधी टाइप केला, थांबली,
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
"हर्षलता. पहिलं अक्षर मोठं.
पुढे दोन हजार एकोणीस."

त्या नावाचा फोटो बैठकीत आहे.
हार मी बदलते, दर गुरुवारी.
पण हे नाव या घरात
मी कधी उच्चारलं नव्हतं,
लिहायची तर वेळच आली नव्हती.

टाइप केलं. चुकलं.
"आरनंतर एस, मग एच," ती म्हणाली,
आणि एक पायरी खाली सरकली, स्क्रीन दिसावा म्हणून.
दुसऱ्यांदा जोडलं गेलं.

रात्री सव्वाअकराला पाण्याला उठले.
वर दाराखाली उजेड होता.
देवळीत हिरवा दिवा लुकलुकत होता.
पट्टी मी काढलेली नाही.
उंच ठेवलाय,
बुडाशी काय लिहिलंय ते कोणाला दिसत नाही.

तांब्या भरला,
जिन्यातला बल्ब तेवढा बंद केला.